इंजिनिअरिंगनंतर सेमिनरी : मुलगा पाळक व्हायचं म्हणतोय

ताई, नमस्कार. मुलगा न्यू जर्सीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आता म्हणतोय प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक होणार, पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, प्रोफेसर, तर यात पोट भरेल का असं तुम्ही विचारलंय. तुमचं माहेर कोल्हापूरच्या मिशनमधलं, त्यामुळे पाळकाचं घर कसं चालतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

तिकडच्या मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळकाचा किमान पगार प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची मिळून असलेली सभा, ठरवते, पेन्शन आणि मेडिकलही असतं. श्रीमंती नाही, पण संसार होतो. खरी परीक्षा वेगळीच आहे. तीन वर्षांची एमडिव्ह (पाळकांसाठीची पदव्युत्तर डिग्री), हिब्रू, ग्रीक, चर्चच्या लेखी परीक्षा हे सगळं आहेच, शिवाय आधी स्वतःच्या मंडळीतल्या वडिलांनी (मंडळीने निवडलेल्या कारभाऱ्यांनी) आणि मग प्रेस्बिटरीने त्याला उमेदवार म्हणून स्वीकारावं लागतं, आणि एवढं होऊनही कुठूनतरी सेवेचं बोलावणं आल्याशिवाय दीक्षा मिळत नाही.

प्रोफेसरकीचं म्हणाल तर त्याला एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज याचं चरित्र वाचायला सांगा. प्रिन्स्टन सेमिनरी 1812 ची, हॉज तिथे 1822 मध्ये प्रोफेसर झाला, पण भाषांची तयारी कमी पडतेय असं वाटलं म्हणून 1826 मध्ये बायकोमुलांना मागे ठेवून पॅरिस, हाले, बर्लिनला पुन्हा विद्यार्थी म्हणून गेला, दोन वर्षं! 1878 मध्ये वारला तोवर तीन हजारांवर विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले होते. आणि हाच माणूस गुलाम बाळगून होता, गुलामगिरी मुळात पाप नाही असं बायबलच्या आधाराने लिहीत होता. हे मला फार अस्वस्थ करतं, कारण सेमिनरीतला शब्द वर्गात थांबत नाही, शेकडो मंडळ्यांपर्यंत जातो. सेमिनरीनेच पुढे आपला हा इतिहास तपासला आणि 2019 मध्ये भरपाईसाठी 2.76 कोटी डॉलर्सची योजना जाहीर केली.

म्हणून माझं स्पष्ट मत, एमडिव्हनंतर थेट पीएचडीला धावू नये. काही वर्षं मंडळीत काढू देत, दर रविवारी उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, वडिलांच्या मीटिंगा. प्रोफेसरच्या जागा तशाही मोजक्या असतात, मिळाली नाही तरी पाळकपण त्याला मनापासून आवडतंय का ते कळलेलं असेल.

सध्या डिग्री पूर्ण करू दे. त्याच्या पाळकांशी तुम्ही दोघं एकदा बोला, उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या चॅप्लनबरोबर (तिथे रुग्णांना धीर देणाऱ्या पाळकाबरोबर) काम मिळतंय का बघा, आणि ग्रीक आत्ताच सुरू करायला सांगा.