धागेदार छिद्र नव्हे, आट्यांचं भोक

प्रश्न असा आहे: कॅड, म्हणजे संगणकावर यंत्रभागांचं डिझाइन, शिकवणाऱ्या एका मराठी टिपणात 'थ्रेडेड होल्स इन लिंक्ड जॉमेट्री'चं 'जोडलेल्या भूमितीतील धागेदार छिद्रे' असं भाषांतर दिसलं, ते बरोबर का?

नाही. धागेदार असते ती भेंडी. धागेदोरे पोलिसांना सापडतात, फिटरला नाही. त्याच्याकडे आटे असतात. तो आटे पाडतो, म्हणजे भोकात टॅप (आटे कापायचं हत्यार) मारतो, जास्त आवळलं तर 'आटे गेले' म्हणून कपाळाला हात लावतो. त्याच वर्कशॉपमधून डोक्याचे आटे ढिले झालेली माणसं आपल्या रोजच्या बोलण्यात आली. इतका रुळलेला शब्द हाताशी असताना हे 'धागेदार' गेली दोन-तीन वर्षं माझ्या कानावर आदळतंय. (गव्हाचा आटा वेगळा, तो हिंदीचा. आपल्याकडे कणीक मळतात.)

आता आटा आला कुठून? एक भाषाप्रेमी स्नेही तो 'आटणे'शी जोडतात. स्क्रू आवळला की फट आटते, म्हणून आटा! दूध आटतं, विहीर आटते. फट आटलेली मी तरी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. त्यापेक्षा शेजारी बघा. गुजरातीत 'आंटो' म्हणजे फेरा, वेढा. 'आंटो मारवो' म्हणजे चक्कर मारून येणं. हिंदीत सूत गुंडाळायच्या साधनाला 'अटेरन' म्हणतात आणि गुंडाळण्याला 'अटेरना'. माझा तर्क असा की आपला आटा याच गोतावळ्यातला: आटा म्हणजे एक वेढा. पक्का पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, पण अर्थ कसा चपखल बसतो बघा. हिंदी मिस्त्री आट्यांना 'चूड़ी' म्हणतो. दिसायला छान, पण बांगडी बंद वर्तुळ असते. बंद वर्तुळांवर नट जन्मभर फिरवला तरी जागचा हलणार नाही. वेढा मात्र पुढे सरकत जातो, आणि एका फेऱ्यात जितका सरकतो तितका त्याचा पिच. जर्मनांनीही हेच पाहिलं. आट्यांसाठीचं त्यांचं 'गेविंडे' गुंडाळण्याच्या क्रियापदातूनच आलंय.

गंमत पुढेच आहे. इंग्रजी 'थ्रेड'सुद्धा मुळात पिळणे, वळणे या अर्थाच्या धातूतला. थ्रेड म्हणजे पिळलेलं ते. म्हणजे शब्दशः भाषांतराचीच हौस असेल तर 'पीळ' म्हणा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. या भाषांतरकारांनी पीळ टाकून सुंभ तेवढं ठेवलं.

आणि कॅडमध्ये नेमकं हेच घडतं, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. फ्रीकॅड या फुकट कॅड प्रोग्रॅमचं उदाहरण घ्या. होल टाकताना 'थ्रेडेड'वर टिक केली तरी 'मॉडेल थ्रेड' निवडल्याशिवाय आटे आकारात उतरत नाहीत. भोक गुळगुळीतच राहतं, आट्यांची माहिती त्या फीचरपाशी नोंद म्हणून असते. ड्रॉइंगमध्ये तरी आपण काय करतो? समोरून दिसणाऱ्या आट्यांसाठी बारीक रेघेचं पाऊण वर्तुळ काढून मोकळे होतो. तर हीच बॉडी (म्हणजे तो भाग) शेपबाइंडरने, म्हणजे मुळाशी बांधलेली प्रत करणाऱ्या सोयीने, दुसरीकडे घेतली की येतो तो फक्त आकार. भोक येतं, पीळ मागे राहतो.

भोसरीच्या एका शॉपमध्ये हे मी भोगलंय. प्लेटचं ड्रॉइंग मीच अशा प्रतीवरून काढलं होतं, ६.८ मिमीची आठ भोकं. खरं तर ते एम ८ चं, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टचं, टॅप ड्रिल (टॅपच्या आधी पाडायचं भोक), त्यावर १.२५ मिमी पिचचा टॅप मारायचा होता. ड्रॉइंगवर ते कुठेच नव्हतं, ऑपरेटरने ड्रिल मारून प्लेट पाठवून दिली. असेंब्लीत फिटरने बोल्ट भोकावर टेकवला, एकदा फिरवून पाहिला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. तेव्हापासून भोकाची मापं मूळ बॉडीवरूनच घेतो, नाहीतर प्रतीच्या ड्रॉइंगवर 'एम ८ टॅप, खोली १६' असं हाताने टाकतो. थ्रीडी प्रिंट काढायची असेल तरच आटे खरे मॉडेल करावेत. एरवी फाइल जड होते आणि टॅप तर मारायचाच असतो.

राहिलं 'लिंक्ड'. 'जोडलेली' म्हटलं की शॉपमधला माणूस वेल्डिंग समजणार. इथे तर प्रत मुळाशी बांधलेली असते, मूळ बदललं की तीही बदलते. 'लिंक केलेल्या बॉडीतली आट्यांची भोकं' लिहा. कुणी अडणार नाही.