वादळ गेल्यावर कौलांवर चढू नका

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. सासू-सासरे श्रीवर्धन तालुक्यातल्या गावी, कौलारू घरात दोघंच असतात. २०२० च्या निसर्ग वादळात पडवीचं छप्पर गेलं, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. आता वादळाची बातमी आली की आम्ही फोन करतो आणि सासरे म्हणतात, "घर सोडून जायचं कुठे?" त्यांना काय सांगू? जनरेटर घेऊन द्यावा का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मी दापोलीकडचा निवृत्त वायरमन. "जायचं कुठे" हे वादळाच्या सकाळी ठरत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांतच ठरवून टाका : शेजारचं स्लॅबचं घर, नाहीतर शाळा. सासऱ्यांना "घर सोडा" म्हणू नका, "आज जेवायला अमक्यांकडे जा" म्हणा. निसर्ग ३ जूनला भरदुपारीच धडकलं होतं. मात्र तलाठी किंवा पोलीसपाटील निघा म्हणाले, तर तिथे वाद नको. आणि फक्त मे-जूनवर राहू नका, फयान वादळ २००९ च्या नोव्हेंबरात आलं होतं.

निघण्यापूर्वी मेन स्विच बंद, गॅस बंद, औषधं आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. फोन चार्ज करून ठेवायचा. टॉवर बंद पडतात, म्हणून सेलवरचा रेडिओही हवा. निघताच आलं नाही, तर खिडक्यांपासून लांब, माजघरात बसायचं. वारा अचानक पडला तरी अंगणात यायचं नाही. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल, तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझी खरी काळजी पुढच्या चार दिवसांची. कौलं उडालेली, वरून पाऊस, आणि सत्तरीतला माणूस शिडी काढतो! ओल्या, शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही आणि आतला वासा हललाय की नाही ते वरून दिसत नाही. तेव्हा सामान कोरड्या खोलीत हलवा, गळतीखाली पातेली ठेवा, ताडपत्री आतूनच बांधा. छप्पर शाकारायला जाणता गडी येईपर्यंत थांबा. घर भिजलं तर सुकतं.

वाडीत तारा पडलेल्या असतील. "गावात वीजच नाही" म्हणून कोणी तार बाजूला सारायला जातं, आणि आम्हा लाइनवरच्या लोकांचा जीव तिथेच टांगणीला लागतो. पलीकडच्या घरात कोणी जनरेटरची पिन सरळ भिंतीतल्या प्लगला खुपसली, तर ती वीज उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पुढे अकरा हजार व्होल्ट होऊन लाइनवर येते. मेलेली तार अशी जिवंत होते. तिला हात लावू नका, काठीनेही नाही. तारेवर रेललेला माड तोडायला घेऊ नका. आधी वीज कार्यालयाला कळवा. जीवावरचा प्रसंग असेल तर ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

म्हणून जनरेटर घ्यायचाच, तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच, लायसनवाल्या वायरमनकडून बसवूनच. तो चालवायचा उघड्या अंगणात, दारं-खिडक्यांपासून दूर. पडवीतसुद्धा नको, त्याच्या धुराने झोपेत माणूस जातो. खरं विचाराल तर दोघांसाठी मी सौर कंदील आणि फोन चार्ज करायची पॉवर बँक सुचवीन. पाण्यासाठी विहिरीवर रहाट असेल तर तो मोडीत काढू नका. पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून किंवा उकळूनच प्यायचं.

एक राहिलं. पडलेल्या पोफळी लगेच तोडून वाडी साफ करू नका. आधी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. आणि गावात वीज आली तरी भिंती ओल्या असतील तर मेन स्विच लावू नका, वायरमनने तपासल्यावरच लावा.