सॅक्सोफोनवादक सोनी रॉलिन्सचा 'वे आउट वेस्ट' हा जॅझ अल्बम इतका भारी का मानतात? पियानो नसल्यामुळे मला तो रिकामा वाटतो. कसा ऐकायचा?

तुम्ही सगळं लक्ष सॅक्सोफोनवर ठेवताय, म्हणून रिकामा वाटतोय. आणि 'रिकामा' हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसले, कारण पंधरा वर्षं तो मी आमच्या दादाकडून ऐकतेय. दादा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, त्यामुळे त्याच्या मते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भरायला कोणी नाही म्हणजे गाणं अर्धवट. त्याला हा अल्बम हौसेने ऐकवला तर दोन मिनिटांत म्हणाला, "पियानोवाला आलाच नाही वाटतं त्या दिवशी." घरातले सगळे हसले आणि मला उत्तर सुचलं नाही.

ते सुचलं 2011 साली, कोल्हापूरच्या रात्रीच्या बसमध्ये. सातारा यायच्या आधीच इअरफोनची डावी बाजू गेली. वायर पिळून झाली, बोटाला गुंडाळून झाली, काही उपयोग नाही. या अल्बमच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोन डावीकडे आणि बास-ड्रम उजवीकडे आहेत, म्हणजे ज्याचा अल्बम तोच गायब, कुठूनतरी लांबून पुसटसा येतोय. झोप येत नव्हती म्हणून खिडकीला डोकं टेकून तेवढंच ऐकत राहिले.

पहिल्याच 'आय ॲम ॲन ओल्ड काउहँड'ला ड्रमर शेली मॅन वुडब्लॉकवर, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर, घोड्याच्या टापा वाजवतो, ते सगळ्यांनाच ऐकू येतं. पण रे ब्राउनचा बास मी तोपर्यंत मागची धडधड समजत होते. एकटा ऐकल्यावर कळलं की तो नुसती लय धरत नाहीये, मात्रेमात्रेला एक एक सूर टाकत कॉर्ड कुठून कुठे चालली ते सांगतोय. 'देअर इज नो ग्रेटर लव्ह'ला मी बोटांवर बार, म्हणजे चार-चार मात्रांचे गट, मोजायला लागले, 8, परत तेच 8, मग वेगळे 8, मग पुन्हा पहिले, 32 झाले की नव्याने सुरुवात. कराड येईपर्यंत ते मधले वेगळे 8 आता येणार हे न मोजता कळायला लागलं. तबल्याच्या सोलोला लेहरा असतो ना, तो एकदा कानात बसला की तबलजी कुठेही फिरून येऊ दे, आपण समेवर थांबलेलो असतो. तसंच.

घरी येऊन नवे इअरफोन घेतले आणि सोनी परत आला. एक छोटा तुकडा घेतो, उलटापालटा करतो, मुद्दाम मागे रेंगाळतो, मध्येच गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की खाली बास चाललेला असतोच. तिथे पियानो असता तर प्रत्येक कॉर्ड बोलून दाखवली असती आणि ही जागाच उरली नसती.

आणि पियानोवाला आला नाही वगैरे काही नाही, तो बोलावलेलाच नव्हता! 7 मार्च 1957, लॉस एंजेलिस, ब्राउन आणि मॅनला दुसरी कामं होती म्हणून रेकॉर्डिंग पहाटे तीनला सुरू केलं. सोनी 26 वर्षांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये पुन्हा पियानोशिवाय, पुढच्या वर्षी 'फ्रीडम सूट' हा अल्बम, तोही पियानोशिवाय. चुकून राहिलेली गोष्ट माणूस तीनदा करत नाही.

तर तुम्ही फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा बॅलन्स पूर्ण उजवीकडे ढकला आणि एकदा सगळा अल्बम तसा ऐका, पाऊण तासाच्या आत होतो. मग दोन्ही बाजू चालू करा. मोनो आवृत्ती असेल, म्हणजे दोन्ही कानांत सगळं सारखंच येत असेल, तर हे जमणार नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. शिवाय नंतरच्या सीडीवर त्याच गाण्यांचे जास्तीचे टेक, म्हणजे पुन्हा वाजवून केलेली रेकॉर्डिंग, जोडलेत, ते आत्ता सोडा, मूळची सहाच ऐका.

आणि तुमच्याकडेही कोणी कीबोर्डवाला वाद घालणारा असेल तर त्याला हीच उजवी बाजू लावून द्या आणि बार मोजायला बसवा. आमच्या दादाला मी गेल्या गणपतीत बसवलं. पूर्ण गाणं मोजलं त्याने, एकदाही चुकला नाही, आणि इअरफोन काढून म्हणाला, "बासवाला तयारीचा आहे." 'रिकामा' हा शब्द मात्र त्याने अजून मागे घेतलेला नाही, आणि तो त्याने घ्यायलाच हवा.