लिव्हरपूलचे मुनीर पीरमोहमद नेमकं काय संशोधन करतात? औषध सुरू करायच्या आधी जीन टेस्ट करावी का?

पीरमोहमद लिव्हरपूल युनिव्हर्सिटीत मेडिसिनचे प्रोफेसर. एकच डोस एकाला पुरतो आणि दुसऱ्याला बाधतो, त्यात जीन्सचा हात किती, हा त्यांचा विषय. २००४ मध्ये त्यांच्या टीमचा एक अभ्यास आला, त्या भागातल्या दोन हॉस्पिटलांतल्या १८,८२० ॲडमिशन्सचा. त्यातल्या ६.५ टक्के औषधांच्या दुष्परिणामांशी संबंधित होत्या. हा आकडा मला पाठ आहे, कारण माझी आईसुद्धा अशीच ॲडमिट झाली होती, इकडे आपल्याकडे.

तिचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला आणि वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, ५ मिलिग्रॅम सुरू झालं. घरी आल्यावर अकराव्या दिवशी सकाळी तिने चूळ भरली तर बेसिन लालभडक, दंडावर जांभळे डाग, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, ७ च्या वर, रक्त फारच पातळ झालेलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "आजींनी डबल गोळ्या घेतल्यात का?" आणि दादा लगेच म्हणाला, हो, विसरते ती हल्ली. आई तिथेच पडून ऐकत होती, काही बोलली नाही. मग मावशी आली, म्हणे मेथी-पालक खाल्ली असेल. अहो, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली येतो, वर कसा जाईल!

शेवटी ती दीड मिलिग्रॅमवर स्थिरावली. पुढे मी हट्टाने टेस्ट करवली. वॉरफरिन फोडणारं सीवायपी२सी९ एन्झाइम तिचं मंद निघालं, आणि व्हीकेओआरसी१ हे जीन असं की थोड्या गोळीतच रक्त पातळ होतं.

पीरमोहमद यांच्या टीमने २०१३ मध्ये हेच दाखवलं, जीन बघून डोस दिला तर आयएनआर ६७.४ टक्के वेळ हद्दीत राहिला, नेहमीच्या पद्धतीने ६०.३ टक्के. त्यामुळे माझं स्पष्ट मत, वॉरफरिन सुरू होत असेल आणि परवडत असेल तर टेस्ट करा, आणि गोळी बाधली की आधी पेशंटला खोटं पाडणं बंद करा.

हां, त्याच वर्षीच्या अमेरिकन ट्रायलमध्ये असा फायदा दिसला नव्हता, आणि पीरमोहमदांच्या ट्रायलमधले पेशंट जवळजवळ सगळे गोरे होते, हेही खरं. टेस्ट केली म्हणून आयएनआर तपासणं सुटत नाही, आणि डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

दादा हे वाचेल म्हणून लिहिते. त्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी येऊन मी स्ट्रिपांतल्या गोळ्या मोजल्या होत्या. तीस आणल्या होत्या, दहा दिवस झाले होते, वीस शिल्लक होत्या.