वडापावचा दिवस, पायचा दिवस आणि कणकेचे दिवे

प्रश्न : 23 ऑगस्टच्या जागतिक वडापाव दिनाला ऑफिसात 30 वडे न्यायचेत. गेल्या वर्षी तळताना आवरण सुटलं, उरलेले डब्यात मऊ पडले. काय चुकलं? (ठाणे)

उत्तर : बटाटे ओले राहिले असणार. पाणी फक्त कुकरच्या तळाशी घाला, बटाटे भांड्यात कोरडेच ठेवा. शिजल्यावर सोलून ताटात पसरा आणि वाफ गेली की हातानं फोडा. गरम कुस्करले की चिकट होतात. दीड किलो बटाट्यांचे 30 गोळे होतात, एकेक साधारण 50 ग्रॅमचा. फोडणी त्यात गार करूनच घाला.

पिठाला बेसन 400 ग्रॅम, तांदळाचं पीठ 2 मोठे चमचे, हळद, मीठ आणि 2 मोठे चमचे कडकडीत मोहन. पाणी अर्धा लिटरच्या आतच लागतं, तेही थोडं थोडं घाला. चमच्याच्या पाठीवर पीठ धरलं पाहिजे आणि बोट फिरवल्यावर रेघ टिकली पाहिजे. सोडा चिमूटभर किंवा नाहीच. जास्त झाला की आवरण जाळीदार होऊन तेल पितं. पिठाचा थेंब तेलात टाकल्यावर लगेच वर यावा, पण करपू नये. एका घाण्यात पाच-सहाच वडे सोडा. त्याहून जास्त सोडले की तेल गार होतं आणि पीठ धरायच्या आतच सुटतं.

तळलेले वडे चाळणीवर पूर्ण निवू द्या, मग टोपलीत सैल कापडाखाली न्या. गरम वड्यांवर झाकण लावलंत तर ते मऊ पडणारच. उरलेल्या पिठाचा चुरा पाडून लसणाच्या सुक्या चटणीत मिसळा. त्याशिवाय वडापाव अर्धाच.

प्रश्न : शाळेत 'पाय दिवस' 14 मार्चला करायचा की 22 जुलैला? (सातारा)

उत्तर : पाय (π) म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, साधारण 3.14 किंवा 22/7. 14 मार्चची प्रथा 1988 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी सुरू केली. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून 3/14. आपण तारीख आधी लिहितो, त्यामुळे आपल्याला 22/7 चपखल बसतं. शिवाय मार्चमध्ये परीक्षा असतात. तिकडे 'पाय' या नावाचं भरलं पक्वान्न खातात. मराठीत पाय म्हटलं की पायासूपच आठवतं! त्यापेक्षा थालीपीठ करा. 14 सेंटिमीटर व्यासाच्या डब्याच्या झाकणानं गोल कापलंत, तर कडेनं दोरा 44 सेंटिमीटर भरायला हवा. ताणला जाणारा लोकरीचा धागा घेऊ नका, सुतळी घ्या. आणि व्यास मध्यातूनच मोजा. मुलं हमखास तिथेच चुकतात.

प्रश्न : दिव्यांच्या अवसेला कणकेचे गोड दिवे उकडताना तडकतात. (नाशिक)

उत्तर : कणीक कोरडी राहते म्हणून. एक वाटी कणकेला अर्धी वाटी गूळ, पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला, आणि चमचाभर तूप. भिजवून 15 मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा मळा. कडा फार जाड ठेवू नका. 12 ते 15 मिनिटं उकडा, आणि तुपासोबत गरमच खा. गार झाले की चिवट होतात.