ऊसतोड कुटुंबांचा सर्व्हे: गुगल फॉर्म नको, आणि जानेवारीत गावात तर नकोच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एमए समाजशास्त्र दुसरं वर्ष, विषय ऊसतोडीच्या स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम, बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली चार गावं, १५० कुटुंबं, गुगल फॉर्म गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा आणि राहिलेले फॉर्म जानेवारीत गावात जाऊन भरून घ्यायचे, बरोबर ना? तुला 'अगं-तुगं' करतेय त्याचा राग मानू नकोस, माझ्या भाचीएवढी असशील. विषय खरंच मोलाचा आहे, आणि अशा सर्व्हेंमध्ये मी दहा-बारा वर्षं घरोघर फिरलेय म्हणून जरा लांबण लावतेय.

आधी जानेवारीचं. जानेवारीत गावात असतं कोण? दसरा-दिवाळीच्या सुमाराला तोडणी मजुरांच्या टोळ्या निघतात त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच परत येतात. तू जाशील तेव्हा दारात म्हातारी माणसं, आजीजवळ ठेवलेली पोरं आणि जी कुटुंबं तोडीला जातच नाहीत ती भेटतील, म्हणजे ज्यांच्यावर परिणाम होतो तेच नेमके तुझ्या १५० मधून गळणार. त्यापेक्षा जानेवारीत चार-पाच दिवस काढून कोप्यांवर, म्हणजे तोडीच्या जागी मजूर ज्या झोपड्यांत राहतात तिथे, जा, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर सोलापूरकडे, तुझ्या गावातल्या टोळ्या जिथे आहेत तिथे. तिथे फॉर्म भरायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. पहाटे आईबाप फडात, म्हणजे उसाच्या शेतात, गेले की धाकट्याला कोण सांभाळतं, मोठी मुलगी पाणी कुठून आणते, आसपास साखरशाळा (तोडणी मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ चालवलेली शाळा) किंवा झेडपीची शाळा आहे का आणि तिथे जातं कोण. मग मे महिन्यात गावात मुख्य सर्व्हे कर. सबमिशनची तारीख आड येत असेल तर गाईडशी आत्ताच बोल, मार्चमध्ये बोलून उपयोग नाही.

गुगल फॉर्म नको म्हणते त्याचं कारण साधं आहे. प्रश्नावली म्हणजे समोरचा स्वतः वाचून भरतो ती, आणि अनुसूची म्हणजे आपण विचारून आपण भरतो ती. पुस्तकात हा फरक दोन मार्कांसाठी पाठ करतो आपण पण फील्डवर सगळं त्यावरच असतं. ग्रुपवरचा फॉर्म कोण भरणार, ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे तो कॉलेजातला मुलगा, आणि तो आईच्या वतीने अंदाजाने भरणार. तुला आई हवी आहे. मोबाईलवरच भरायचं असेल तर कोबो किंवा ओडीके ही सर्व्हेची अॅप वापर, रेंज नसली तरी चालतं, पण फोन तुझ्या हातात पाहिजे.

आता प्रश्न. तुझ्या फॉर्ममध्ये चौथा प्रश्न आहे 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न', आणि खाली चार गट. हाच प्रश्न मी माझ्या पहिल्या सर्व्हेत विचारला होता आणि साठ-सत्तर घरं झाल्यावर रात्री फॉर्म चाळताना लक्षात आलं की आकडे जवळजवळ सारखेच आहेत. लोक मला उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा सांगत होते. खोटं बोलत नव्हती माणसं, कागद हातात घेतलेल्या बाईने 'वार्षिक उत्पन्न' म्हटलं की तेच उत्तर द्यायचं असतं अशी त्यांना सवय होती. सगळी घरं पुन्हा करावी लागली. तेव्हापासून मी उत्पन्न विचारतच नाही. किती कोयते (म्हणजे जोड्या, ते खाली सांगते) गेले होते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, कुणाकडून नाही फक्त किती, टनाला काय दर मिळाला, टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशन कसं धरलं, हिशेबात उचल फिटली का अंगावर राहिली, असं विचारते. आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे! वाढ्याच्या पेंढ्या चाऱ्याला विकून रोजचा भाजी-तेलाचा खर्च निघतो, तो पैसा बहुतेक बाईच्या हातात असतो आणि नवऱ्याला विचारलं तर तो कधीच सांगत नाही. गोळाबेरीज घरी येऊन तू कर, त्यांना करायला लावू नकोस.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. 'घरातले किती मजूर' म्हटलंस तर कुणी कोयते सांगेल कुणी माणसं, आणि मग टेबलात दोन्ही एकत्र होऊन बसतील.

किती दिवसांचं विचारायचं यानेही उत्तर बदलतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्याचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारी शेजारी विचारला, लोकांनी एकाचा मेळ दुसऱ्याशी घातला आणि ते आकडे आधीच्या फेऱ्यांशी जुळेनात, देशातली गरिबी नक्की किती घटली यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं असं होतं तर आपण 'गेल्या वर्षभरात मुलाच्या शिक्षणावर किती खर्च' हे एका दमात विचारू नये. वह्या, गणवेश, क्लास, गाडीभाडं असं सुटं सुटं विचार. वय आठवत नसेल तर किल्लारीच्या भूकंपाला, म्हणजे १९९३ ला, लग्न झालं होतं का असं विचार, लगेच सापडतं.

'मूल शाळेत किती दिवस गेलं नाही' हे मात्र आईला विचारून थांबू नकोस. मुख्याध्यापकांच्या परवानगीने हजेरीपत्रक बघ, ऑक्टोबर ते एप्रिल महिनावार दिवस उतरवून घे, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर झालेल्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) दिलं होतं का आणि पुढच्या शाळेने ते घेतलं का हेही बघ. कागद आणि माणूस जिथे जुळत नाहीत तिथे तुझं खरं काम सुरू होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला, १९१७ मध्ये छापून आला, त्यात गावात फिरून केलेली पाहणी आणि जुनी दप्तरं दोन्ही होती, म्हणूनच १७७१ ला एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ च्या सुमाराला ७ एकरांवर आली हे त्यांना दाखवता आलं. नुसतं तोंडी विचारून दीडशे वर्षं मागे कोण जाणार!

शेजारी कोण बसलंय ते नेहमी बघायचं. मुकादम त्याच गल्लीतला असतो, येऊन खाटेवर बसतो, 'विचारा की' म्हणतो, आणि बाई पदर सावरून 'सगळं बरं हाय' एवढंच बोलते. अशा वेळी अवघड प्रश्न सोडून दे, मुलांची नावं, इयत्ता एवढं विचार आणि संध्याकाळी चुलीजवळ परत ये. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला होता, तो तुझा विषय नाही, तर तू स्वतःहून काढू नकोस, कुणी आपणहून बोललीच तर पेन खाली ठेवून ऐक. आणि 'यातून काही योजना मिळेल का' असं विचारतीलच, तिथे स्पष्ट नाही म्हण. नावांची यादी वेगळ्या वहीत, फॉर्मवर फक्त नंबर.

घरं निवडताना ओळखीतून ओळखी काढत जाऊ नकोस, एकाच मुकादमाची टोळी तेवढी मिळेल. अंगणवाडी सेविकेच्या सर्व्हे रजिस्टरवरून घरांची यादी कर, तोडीला गेलेली घरं खूण कर, त्यातून चिठ्ठ्या टाक. मुलं आईबापांबरोबर गेली, आजीजवळ राहिली का हंगामी वसतिगृहात (तोडीच्या महिन्यांत गावातच मुलांची सोय असते तिथे) राहिली, या तिन्ही प्रकारची घरं पुरेशी यायला हवीत, शिवाय न जाणारी थोडी घरं तुलनेला. १५० जमत नसतील तर ९० कर पण नीट कर.

कोडिंग करताना, म्हणजे उत्तरांना आकडे देताना, शून्य, 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांना तीन वेगळे कोड दे. उचल घेतली नाही आणि उचल सांगितली नाही या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अनुसूची मराठीत लिही, त्यांच्या शब्दांत, आणि एप्रिलअखेर टोळ्या परत आल्या की १० घरं करून बघ. जिथे समोरचा 'म्हंजी?' म्हणेल तिथे तो प्रश्न खोडून त्याच्याच तोंडचा शब्द घाल. ही १० घरं मुख्य १५० मध्ये धरायची नाहीत. झालं की अनुसूची इथे टाक, मी प्रश्न न् प्रश्न बघून देते.