मेंढी बांधून गवत आखूड ठेवता येईल का?

प्रश्न : मोकळ्या जागेत गवत फार माजते. एक मेंढी खुंटीला बांधून ठेवल्यास चालेल का?

उत्तर : गवत आखूड नक्की राहील, कारण मेंढी ते अगदी जमिनीलगत कुरतडते, परंतु ती कळपात राहणारी असल्यामुळे एकटी बांधली की घाबरते, दोराला हिसके देते आणि कुत्रा अंगावर आला तर तिला पळताही येत नाही. म्हणून निदान दोन मेंढ्या ठेवून जागा बदलता येईल असे हलते कुंपण घालावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बांधायचेच असल्यास गळ्यात सरकफास न घालता रुंद पट्टा घालावा आणि खुंटीची कडी फिरती असावी, नाहीतर दोर पीळ घेत आखूड होत जातो. पाणी व सावली दोराच्या टप्प्यात हवी. खुंटी रोज हलवावी, कारण लेंड्या पडलेल्या खुरट्या गवतातूनच जंतांच्या अळ्या पोटात जातात. जवळ कण्हेर असल्यास तेथे मेंढी बांधूच नये, कारण तिची थोडी पानेही जीवघेणी ठरतात.